मागच्या पंखावरचे ठिपके

माझ्या नजरेचा मला गर्व होता, हे आधीच सांगून टाकते. भाताच्या खाचरात भातासारखंच दिसणारं एक गवत उगवतं. रंग तोच, पात तीच, उंचीही तीच. नवी सून बेणणीला उतरली की हमखास भात उपटते आणि गवत राखते, मग बांधावरच्या बायका पदर तोंडाला लावून हसतात. लग्न होऊन मी डोळखांबकडच्या या गावात आले, त्या पहिल्या वर्षी माझ्या हातून भाताचं एकही रोप उपटलं गेलं नाही. सासू बांधावरून बघत होती. शेजारणीला म्हणाली, "हिचे डोळे चांगले हायेत गो." पुढच्या सोळा वर्षांत तिने माझं दुसरं कौतुक केलं नाही, पण मला ते एक पुरलं.

म्हणून फुलपाखरं मोजायचं काम आलं तेव्हा मला हसूच आलं. यात काय अवघड आहे? मी तेव्हा वाशिंदच्या एका कारखान्यात पॅकिंगला जात होते. पहाटे घर सोडायचं, दिवेलागणीला परत यायचं, दिवसभर उभं राहून गुडघे सुजायचे. फुलपाखरांचं काम घराजवळचं, उघड्या रानातलं आणि आठवड्यातून एकच सकाळ. पावसाळ्यापुरतं होतं, पण दसऱ्यानंतर एका बाईला बारा महिन्यांसाठी ठेवणार होते, शहापूर आणि मुरबाड या दोन्ही तालुक्यांसाठी. ती बाई मीच होणार असं मी मनात धरून टाकलं आणि कारखाना सोडला. नवऱ्याने विचारलं, "आणि नाही ठेवलं तर?" मी त्याला असं काही बोलले की त्याने पुन्हा विचारलं नाही.

आम्ही दोघीच होतो. शहापूरच्या बाजूला मी आणि मुरबाडच्या बाजूला एक शांत, किरकोळ बाई. ती सगळं लिहून घ्यायची. मॅडम खोकल्या तरी ही लिहील, असं मी घरी येऊन सांगितलं होतं. मॅडम म्हणजे हे काम काढणाऱ्या संस्थेच्या, पुण्याच्या, तिशीतल्या. आटगाव स्टेशनजवळ संस्थेने एक खोली घेतली होती. तिथे त्यांनी आम्हाला दिवसभर चित्रं दाखवली. कुठलं कुठल्यासारखं दिसतं आणि फरक कुठे पाहायचा, एवढंच शिकवणं होतं.

त्यातली एक जोडी नीट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरून झालं. बिबळ्या कडवा हे तांबूस केशरी फुलपाखरू. पंखांचं टोक काळं, त्यावर पांढरी पट्टी. याची अळी रुईचा चीक पचवते, त्यामुळे हा कडू लागतो आणि पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत. दुसरा छोटा चांदवा. त्याचा नर काळाभोर, पंखांवर पांढरे मोठे चांद, चांदाच्या कडेला निळी-जांभळी झाक. एकदा पाहिला की विसरणार नाही. पण त्याची मादी नरासारखी मुळीच दिसत नाही. ती हुबेहूब कडव्यासारखी दिसते. पक्ष्यांनी कडवा समजून सोडून द्यावं म्हणून तिने कडव्याचं लुगडं नेसलंय, असं मॅडम म्हणाल्या आणि आम्ही दोघी हसलो.

"फरक एकच," मॅडम म्हणाल्या. "मागच्या पंखाच्या मधोमध तीन-चार काळे ठिपके असतात कडव्याला. मादीला नसतात. दर वेळी ठिपके मोजायचे. दर वेळी."

मुरबाडवालीने ते लिहून घेतलं. मी मान हलवली.

गणपतीच्या आधीपासून दसऱ्यापर्यंत आठ बुधवार मोजणी होती. गावच्या वेशीपासून बांधावरून, रुईच्या झुडपांजवळून, ओढ्यापर्यंत ठरलेली वाट. हळूहळू चालायचं, दोन्ही बाजूंना पाच-पाच पावलांत जे दिसेल ते वहीत. पहिल्या बुधवारी मी इमानदारीत ठिपके मोजले. फुलपाखरू बसेपर्यंत थांबायचं, बसलं की पंख उघडेपर्यंत थांबायचं, आणि मी वाकले की ते उडायचं. त्याच्यामागे गवतात शिरून पाय कापले गेले. घरी यायला दुपार झाली आणि सासूने ताटावरचं झाकण काढताना भांडं आपटलं. दुसऱ्या बुधवारीही मोजले, पण वैतागत. जेवढे पाहिले तेवढ्यांना ठिपके होतेच. तिसऱ्या बुधवारपासून मी वाकणं सोडलं. तांबूस केशरी दिसलं की कडवा, काळं आणि चांदवालं दिसलं की चांदव्याचा नर. मला एका नजरेत कळत होतं. चांदव्याच्या मादीपुढे शून्य, आणि शेऱ्याच्या रकान्यात दर आठवड्याला एकच वाक्य, "मादी दिसली नाही."

सहाव्या बुधवारनंतर मॅडमचा फोन आला.

"ताई, मुरबाडकडे माद्या सापडतायत. तुमच्याकडे एकही नाही, आणि नर मात्र भरपूर. असं मी कुठे वाचलेलं नाही. तुमची खात्री आहे ना?"

"खात्री म्हणजे काय मॅडम," मी म्हटलं, "मी भातातलं गवत निवडणारी बाई आहे."

त्या हसल्या. म्हणाल्या, "मग यावर मी लिहिणार आहे. तुमचं नाव घालून."

फोन ठेवला तेव्हा माझे कान गरम झाले होते. सासूला सांगितलं. ती पाण्याला गेली आणि परत येईपर्यंत अर्ध्या गावाला कळलं की आमच्या सुनेला पाखरांमध्ये काहीतरी नवीन सापडलं. आता ती बारा महिन्यांची जागा माझीच होती. मुरबाडवालीला काय, माद्या तर कुणालाही सापडतात.

दुसऱ्याच दिवशी दुपारी मी ओटीवर बसले होते. अंगणाच्या कोपऱ्यात, धुण्याच्या दगडाचं पाणी जातं तिथे दर पावसाळ्यात घोळ माजते. जाड पानांची, जमिनीला धरून पसरणारी भाजी. त्या घोळीवर एक कडवा आला. पानावर टेकायचा, शेपटी खाली वाकवायचा, उठायचा, दुसऱ्या पानावर टेकायचा. रुईवर मी हे कितीदा पाहिलं होतं. अंडी घालणं चाललं होतं. पण कडवा अंडी रुईवर घालतो. घोळीवर कशाला घालेल?

माझ्यापासून चार पावलांवर, उन्हात पंख पसरून ते बसलं होतं. उठून वाकायचं आणि ठिपके मोजायचे, एवढंच करायचं होतं. मी उठले नाही. मला भीती वाटली. तेव्हा मी स्वतःला सांगितलं की पाय दुखतायत. पण ती भीतीच होती, आणि ते आठवलं की आजही माझा मलाच राग येतो.

पुढचे दोन बुधवार मी मोजणी केली, तशीच, न वाकता. उलट जरा लांबूनच. वही भरली. दसरा झाला. मॅडमनी कळवलं की पुढच्या रविवारी आटगावला या, वह्या घेऊन, त्याच दिवशी कोणाला ठेवायचं ते सांगते.

त्या रविवारला अजून आठ दिवस होते. शनिवारी सासू म्हणाली, "घोळ जून व्हायच्या आधी डाळीत घाल." मी मूठ-मूठ घोळ उपटली आणि ओटीवर निवडायला बसले. पानांत काळ्या, काटेरी अळ्या होत्या. तांबूस डोकं, त्यावर दोन लांब शिंगं. अशा अळ्या दिसल्या की आमच्याकडे कुणी विचार करत नाही, अंगाला लागल्या तर खाज सुटेल म्हणून आधी उडवतात. मीही केरसुणीच्या एका फटक्यात सगळ्या अंगणात लोटल्या. कोंबड्या धावल्या.

आणि माझा हात तिथेच थांबला. दोन-अडीच आठवड्यांपूर्वी याच घोळीवर ते तांबूस फुलपाखरू अंडी घालत होतं. कडव्याची अळी मला माहीत होती, गुळगुळीत, पट्ट्यापट्ट्यांची. या काटेरी अळ्या कडव्याच्या नव्हत्या. मी धावत अंगणात गेले आणि कोंबड्यांना हाकललं, पण तिथे आता काही नव्हतं. परत येऊन निवडलेली भाजी एकेक पान करून उलटी केली. एका देठाखाली एक अळी चिकटून राहिली होती.

तिला मी लोणच्याच्या धुतलेल्या बरणीत ठेवलं, सोबत घोळीचे देठ, तोंडाला फडकं. त्या दिवशी डाळ नुसतीच झाली. सासूने ताटात पाहिलं, मग बरणीकडे पाहिलं.

"माणसांची भाजी किड्याला घातलीस?"

"हो," मी म्हटलं, आणि आवाज असा निघाला की ती ताट उचलून चुलीपाशी गेली.

रविवारी अळी फडक्याला उलटी लटकली. सोमवारी सकाळी तिथे एक तपकिरी, ओबडधोबड कोश होता. आता ती अळीच सांगणार होती, मी बरोबर की चूक. आतून तांबूस, ठिपक्यांचं काही निघालं तर माझी वही खरी. बिनठिपक्यांचं निघालं तर सहा आठवडे मी काय मोजलं ते मलाच माहीत नाही. तिसरी आशाही होती, की हा भलताच कुठला तरी किडा निघेल आणि मी उगाच घाबरले असं होईल. देवापुढे हात जोडताना मी तेच मागत होते.

बाहेर पाहून खात्री करावी तर मंगळवारपासून आभाळ भरून आलं. परतीचा पाऊस. भात लवलेलं, लोक कापणीच्या काळजीत, आणि मी छत्री घेऊन रुईच्या झुडपापाशी उभी. पावसात फुलपाखरं उडत नाहीत. एकही दिसलं नाही. घरी येऊन डोळे मिटायची आणि गेल्या आठवड्यांतले पंख आठवायची. आठवताना ठिपके असायचे. परत आठवलं की नसायचे. ज्या डोळ्यांवर मी इतकी वर्षं ऐट केली, त्यांनी बघितलेलं काहीच मला सांगता येईना. भाकरी दोनदा करपली. नवरा कामावरून आला की आधी बरणी कुठे आहे ते बघायचा आणि मग माझ्याशी बोलायचं की नाही ते ठरवायचा.

गुरुवारी सासूने मला धरलं. "काय झालंय ता सांग. कवाची भुतासारखी फिरतेस."

मी सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, "त्या बाईला कोन सांगनार हाय? ठाव हाय ता तुला आनि मला. मी नाय सांगनार."

"आई, ती माझ्या नावानं लिहिणार आहे. खोटं."

"तू कुठं खोटं बोललीस? तुला तसा दिसला."

"मी बघितलंच नाही!" मी ओरडले. शेजारच्या घरातलं बोलणं थांबलं. "वाकले असते तर दिसलं असतं. मी वाकलेच नाही."

सासू उठून आत गेली. तिच्यावर ओरडल्याचं मला वाईट वाटलं, पण माफी मागायला गेले नाही. तेवढं माझ्याने होईना.

रविवारी सकाळी पाऊस थांबला होता. जीप आठची. सात वाजता मी साडी नेसत होते आणि सासूने हाक मारली, "गो, ये इकडं. फुटलं."

कोश फाटला होता आणि ओलं, चुरगळलेलं काहीतरी फडक्याला लोंबत होतं. पंख हळूहळू उतरत होते. मी तांबूस रंगाची वाट बघत होते, ठिपके मोजायला बरणीला नाक लावून बसले होते. रंग तांबूस नव्हता. काळा होता. पंख उलगडत गेले तसे त्यावर चांद दिसले, पांढरे, मोठे, कडेला निळी झाक. चांदव्याचा नर. याला ठिपके मोजावे लागत नाहीत, हा आंधळ्यालाही ओळखू येईल. आणि याची आई म्हणजे ते तांबूस फुलपाखरू, जे मी माझ्या डोळ्यांनी घोळीवर पाहिलं होतं आणि ज्याला कडवा म्हटलं होतं.

मी जमिनीवर बसले. सासू वाकून बघत होती.

"ह्यो काळा कसा?"

"हा नर आहे. त्या तांबड्या मादीचा पोर."

 ती आत गेली आणि एक झाकणाची टोपली घेऊन आली, आत तिच्या जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा घातलेला. "बरनीत नेशील तर पंख मोडल त्याचा," म्हणाली.

शहापूरला जीप बदलून आटगावला पोचले तेव्हा दोघी आधीच बसल्या होत्या. मुरबाडवाली किन्हवलीवरून एसटीने आली होती. तिची वही उघडी होती आणि माझी नजर तिच्यावर गेली. दर ओळीत, प्रत्येक कडव्यापुढे, पेनाने बारीक ठिपके काढलेले. तीन, चार, चार, तीन. जितकी फुलपाखरं तितक्या वेळा. तिच्या सगळ्या वहीभर ते होते.

"या ताई," मॅडम हसत म्हणाल्या. "आधी चांगली बातमी. आम्ही तुम्हाला ठेवायचं ठरवलंय. आणि तो लेख तयार आहे, आज संध्याकाळी पाठवते."

मुरबाडवाली खाली बघत होती. मग तिने मान वर केली आणि मला म्हणाली, "तुमची नजरच तशी आहे ताई." मनापासून म्हणाली, त्यात टोमणा नव्हता.

टोपली माझ्या मांडीवर होती. आत पंख कापडाला लागत होते ते तळहाताला कळत होतं. टोपली बाकाखाली सरकवायची आणि थँक्यू मॅडम म्हणायचं, एवढंच करायचं होतं. चार पावलांवर बसलेलं फुलपाखरू बघायला मी उठले नव्हते, तसंच आता काहीच करायचं नव्हतं. वाशिंदचा कारखाना आठवला, उभं राहून सुजलेले गुडघे आठवले. मॅडम म्हणाल्या, "काय आणलंय? भाजी?"

"नाही," मी म्हटलं. "माझी चूक आणलीय."

झाकण जरासं उघडलं. तो कापडावर पंख मिटून बसला होता. मग मी सगळं सांगितलं, घोळ, अळ्या, कोंबड्या, आणि तिसऱ्या बुधवारपासून ठिपके मोजले नाहीत तेही.

मॅडमनी चष्मा काढला. त्यांचा चेहरा लाल झाला होता.

"मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

"हो."

"फोनवर विचारलं होतं, खात्री आहे का."

"हो मॅडम."

"मग या कडव्यांमधल्या माद्या किती?"

"सांगता येत नाही."

त्यांनी माझी वही ओढून घेतली आणि सहा बुधवारांच्या कडवा आणि मादी या दोन्ही रकान्यांवर पट्टीने रेघा मारल्या. पहिले दोन तेवढे ठेवले. पेन माझ्याकडे सरकवलं. "रद्द का, ते शेऱ्यात तुमच्या हाताने लिहा. खाली सही करा."

मी लिहिलं, "सहा आठवडे मादी दिसली. मी ओळखली नाही." मुरबाडवालीने आपली वही मिटली आणि तिच्यावर हात ठेवला, मला ते ठिपके दिसू नयेत म्हणून. तेव्हा मात्र मला रडू आलं.

जागा तिला मिळाली. मला वाईट वाटलं, खूप वाटलं, पण ती जागा तिचीच होती. निघताना तिने आणि मी मिळून टोपली खिडकीत नेली. तो काठावर जरा वेळ बसला, पंख दोनदा उघडून मिटले आणि स्टेशनमागच्या झुडपांवरून निघून गेला.

घरी सासूने टोपली हातात घेतली, आत पाहिलं.

"गेला?"

"गेला."

"आनि काम?"

"तेही गेलं."

दुसऱ्या दिवशी बघते तर अंगणात उरलेल्या घोळीला तिने काट्यांचं कुंपण केलं होतं, कोंबड्या शिरू नयेत म्हणून.

त्या बुधवारी लख्ख ऊन पडलं. सकाळी मी वही घेतली आणि त्याच वाटेने निघाले. कुणी सांगितलं नव्हतं. प्रत्येक तांबूस फुलपाखरापाशी थांबले, बसेपर्यंत उभी राहिले, पंख उघडेपर्यंत वाकून राहिले. उडालं तर त्याच्यामागे गवतात गेले. पाय पुन्हा कापले. ओढ्यापर्यंत पोचायला दुपार उलटली.

घरी आले तेव्हा ताट झाकलेलं होतं आणि सासू ओटीवर बसली होती.

"किती घावल्या?" तिने विचारलं.

"दोन माद्या."

"नीट मोजलंस ना गो?"

"मोजलं, आई," मी म्हटलं. "वाकून मोजलं."